बिनशेताची सावड

तेजल चिडली की तिचा आवाज खाली येतो. माझा वर जातो, म्हणून आमच्या ऑफिसात माझ्या रागाला कुणी भीक घालत नाही आणि तिच्या रागाला सगळे टरकून असतात. त्या सोमवारच्या मीटिंगमध्ये तिचा आवाज इतका खाली आला की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. ती म्हणाली, "सर, या वर्षी मला माझी सावड हवी आहे." आणि आमचे साहेब हसले. चांगल्या मनानं हसले हो, पण हसले. तिथून सगळं सुरू झालं.

आता ती कोण, मी कोण, साहेब कोण, हे आधी सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, ही बाई मधूनच बोलायला लागली.

मी अनघा. लोणावळ्यात जन्मले, लोणावळ्यातच लग्न झालं, त्यामुळे जग फारसं पाहिलेलं नाही, पण जग पावसाळ्यात आपल्या पायानं इथं येतं, तेवढं बास आहे. बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. ओसरी नाव. मार्केटिंग एजन्सी. पवनेच्या बाजूची रिसॉर्टं, कामशेतचे पॅराग्लायडिंगवाले, लग्नाची लॉन्स, इंद्रायणी तांदूळ पिशवीत घालून विकणारे, या सगळ्यांच्या जाहिराती, फोटो, रील, बोर्ड आम्ही करतो. म्हणजे ती पोरं करतात. मी ऑफिस सांभाळते. किल्ल्या, बिलं, दूध, आणि इंटरनेटवाल्याशी भांडण.

एजन्सी अमृतची. इंदुरीच्या पुढे नदीकाठाला त्याचं गाव, घरची बरी शेती. पुण्यातल्या मोठमोठ्या एजन्सींत दहा वर्षं त्यानं हाडाची काडं केली. तिथं म्हणे बॉस लोक सगळ्यांदेखत लॅपटॉप ओढून घ्यायचे आणि पोरींना रडवायचे. म्हणून इकडे आल्यावर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, आपल्याकडे कुणी कुणावर ओरडायचं नाही. माझ्यासाठी अपवाद नंतर करावा लागला. माणूस चांगला आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला त्याचा राग येईल. मलाही आला होता.

आणि तेजल. आमच्याकडे येण्याआधी ती एक्स्प्रेस वेवरच्या फूड मॉलमध्ये वडापावच्या काउंटरवर होती. मुलाखतीत अमृतनं तिला विचारलं, प्रेशर घेता येतं का. ही शांतपणे म्हणाली, "सर, रविवारी दुपारी तिथं एकदा उभे राहा, मग विचारा." झालं, नोकरी लागली. वडील सखाराम रेल्वेच्या एका कंत्राटदाराकडे खडीच्या कामावर होते, ते गेले तेव्हा ही बारावीत. मागं आई चंपा आणि धाकटा भाऊ प्रितम. शिक्षण तिनं नोकरी करत पुरं केलं, भावाचंही करून दिलं.

तिच्या घराला शेत नाही. कधी नव्हतंच. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हा गावकीची जुनी कामं सोडली, आणि त्या कामांवर मिळणारं धान्यही सोडलं. ही गोष्ट तिनं मला एकदा दुपारी डबा खाताना सांगितली होती, आणि त्यात तक्रार नव्हती, उलट थोडी मिजास होती. मला आवडली ती मिजास.

क्लायंट सांभाळणं हे तिचं काम. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट म्हणजे मेघराई नावाचं रिसॉर्ट. त्याचा मालक ऑफिसात आला की सगळ्यांना 'ए' म्हणून हाक मारायचा. ए, चहा सांग. ए, तो फोटो दाखव. तेजलनं पहिल्या वेळेला ऐकलंच नाही. दुसऱ्या वेळेला वहीत लिहीत बसली. तो पार लाल झाला, टेबलावर टकटक करून म्हणाला, ऐकू येत नाही का. ही हसून म्हणाली, "येतं ना. माझं नाव तेजल." आजही तो इतर सगळ्यांना 'ए' म्हणतो, पण तिला तेजल मॅडम. आणि फोन करायचा तर तिलाच करतो.

आता सावड. शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं. मावळात भाताची लावणी जुलैत येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. खाचरात पाणी साठलंय, चिखलणी झालीय, रोपं उपटून ठेवलीत, म्हणजे त्या दिवशी माणसं हवीत म्हणजे हवीतच. एका घराला ते झेपत नाही. मग आज सगळे मिळून तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. पैशाचा संबंध नाही, हात द्यायचे आणि हात घ्यायचे. ती सावड.

आणि नेमका हाच जुलै लोणावळ्याचा सीझन. रिसॉर्टवाल्यांना रोज नवं काहीतरी हवं असतं आणि आमची निम्मी पोरं खाचरात. पूर्वी तर थापांचा नुसता पूर यायचा. आमचा डिझायनर ओंकार कामशेतच्या पलीकडच्या गावातला, घरी भाताची शेती. एका जुलैत त्याची आजी दोनदा वारली. दुसऱ्या वेळेला मी त्याला म्हटलं, बाबा, या खेपेला तरी नीट झालं ना रे सगळं?

अमृतनं यावर जे केलं, त्याला मी मनापासून दाद दिली होती. त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं की खोटं बोलू नका. लावणीला जायचंय, जा. मीही शेतकऱ्याचाच पोरगा आहे. फक्त तुमचं काम जो उचलेल, त्याचं काम पुढं तुम्ही उचलायचं. ऑफिसात सावड. आणि खरंच सांगते, कमाल झाली. थापा बंद झाल्या. पोरं लावणी करून परत यायची ती हसत, आणि दुप्पट कामाला लागायची. पुण्याच्या लोकांनी अमृतला भाषणं द्यायला बोलवायला सुरुवात केली. आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 'सावड' रंगवून घेतलं, त्याच्याखाली उभे राहून फोटो झाले.

या सगळ्या फोटोंत तेजल मध्ये उभी आहे, कारण जुलैत ऑफिस चालायचं ते तिच्या जिवावर. ओंकारचे क्लायंट ती बघायची. आमची लिहिणारी मुलगी प्रेरणा, तीही शेतकऱ्याघरची, ती गेली की तिच्या जाहिराती हीच लिहायची. दिवाळीच्या आगेमागे भात कापायला, झोडायला पोरं जायची, तेव्हाही तेच. आणि परतफेड? ती कशाची करणार, हिला शेतच नाही ना. प्रितमच्या लग्नाला तिनं चार दिवस घेतले, ते साध्या रजेतून गेले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण कुणाच्या मनात आलंसुद्धा नाही, याला काय म्हणायचं? माझ्या आलं होतं. मी अमृतला एकदा बोललेही होते, तर तो म्हणाला, "ताई, तेजल आपल्या घरचीच आहे." डोंबलाची घरची.

त्या वर्षी जूनच्या शेवटाला चंपाबाई पडल्या. लोहगडवाडीत, गडाच्या वाटेवर त्यांची टपरी आहे. चार बांबू, वर ताडपत्री, एक चूल, एक गॅस, दोन बाकडी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गडावर जत्रा असते, आणि खाली उतरलेला भिजका माणूस समोर येईल ते खातो. भजी, पिठलं-भाकरी, चहा. चंपाबाईंचं वर्षाचं गणित या दोन-अडीच महिन्यांवर असतं. त्या शेवाळलेल्या दगडावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. प्रितम चाकणला कारखान्यात, त्याची सुटी फिरती. त्याच्या बायकोला आठवा महिना. एक रविवार टपरी बंद राहिली.

आता त्या वाटेवरची रीत अशी की जागा कुणाच्या नावावर नसते. जो चूल पेटवतो त्याची जागा. सीझनला टपरी बंद दिसली की आठ दिवस लोक वाट बघतात, मग दुसऱ्याचा बांबू उभा राहतो, आणि एकदा राहिला की राहिला. दुसऱ्या रविवारी चूल पेटली नसती तर चंपाबाईंची चौदा-पंधरा वर्षांची जागा गेली असती. आणि तेजल एकटी ती टपरी चालवू शकत नव्हती. भजी कोण तळणार, भाकरी कोण थापणार, पैसे कोण घेणार, पाणी कोण भरणार? तिला निदान तीन माणसं हवी होती.

म्हणून सोमवारच्या मीटिंगमध्ये तिनं सावड मागितली.

हसून झाल्यावर अमृत म्हणाला, "अगं, सावड शेतीची असते. टपरी म्हणजे धंदा झाला."

"ओंकारच्या घरचा भातसुद्धा कामशेतच्या बाजारात विकायलाच जातो, सर."

ओंकार खाली बघायला लागला. अमृतनं तिला समजावलं, आणि तो खरंच प्रेमानं समजावत होता, हीच तर पंचाईत. या रविवारी मेघराईचा पावसाळी महोत्सव, मुंबई-पुण्याहून ब्लॉगवाल्यांची बस येणार, मालक तेजलशिवाय कुणाशी बोलत नाही, सगळ्यांना तिथं हजर राहणं भाग आहे. तेव्हा हा रविवार सोडून तिनं हवी तेवढी सुटी घ्यावी. आणि टपरीवर या रविवारी एक बाई लावून देऊ, तिची मजुरी ऑफिस देईल.

तेजलचा आवाज आणखी खाली आला. "बाई मलाही लावता येते, सर. मी तुमच्याकडे मेहेरबानी मागत नाहीये. मी चार वर्षं हात दिलेत. मला हात हवेत."

"या रविवारी नाही जमणार, तेजल."

"मग माझ्याकडून सावड मोडली," ती म्हणाली. "माझं काम मी पूर्ण करीन. दुसऱ्याचं घेणार नाही."

असं म्हणून तिनं लॅपटॉप उघडला आणि मेघराईच्या पाहुण्यांच्या खोल्या कोणाला कुठली, ते बघायला लागली. ना आदळआपट, ना डोळ्यांत पाणी. मी मात्र बाहेर जाऊन चहाचं भांडं इतकं जोरात आपटलं की त्याला पोचा आला.

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. ओंकारची लावणी बुधवारी होती. नेहमीप्रमाणे त्यानं गृहीत धरलं होतं की तेजलताई बघेल. तेजलताईनं मान हलवली, नाही. गोड बोलून, पण नाही. तो माझ्याकडे आला तणतणत, की ही अशी का वागायला लागलीय, आमच्या खाचरातलं पाणी तिच्यासाठी थांबणार आहे का. मी म्हटलं, आणि तिच्या आईची जागा तुझ्यासाठी थांबणार आहे होय रे? तरी गेला शेवटी, जाणं भागच होतं. त्याच्या मागं त्याची पोस्टरं अमृत स्वतः करत बसला, मान आखडेपर्यंत. प्रेरणाच्या जाहिराती अडल्या. एक लॉनवाला ओरडून गेला. फोन वाजत राहायचे आणि तेजल आपला असेल तोच उचलायची. तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला की जुलैत हे ऑफिस कोण चालवत होतं.

तिला हे सोपं जात होतं असं समजू नका. वाजणारा फोन न उचलता बसणं तिच्या स्वभावात नाही. बोटं टेबलावर घट्ट धरून बसायची.

गुरुवारी ओंकार परत आला तो वेगळाच. पाय अजून चिखलानं पिवळे, आणि चेहरा पडलेला. त्यानं मला सांगितलं ते असं. बांधावर जेवायला बसल्यावर त्यानं वडिलांना, हौशीरामभाऊंना, तेजलची तक्रार सांगितली. चांगली लांबण लावून सांगितली. ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, तिनं तुजं काम केलं का? केलं. तू तिचं केलंस का? ओंकार म्हणाला, "आबा, तिला शेतच नाही." त्यावर हौशीरामभाऊ इतकंच बोलले, "आरं, मंग तिचे हात तू फुकट खाल्लेस की." आणि पुढं दिवसभर पोराशी एक शब्द नाही. सगळी सावडीची माणसं बांधावर बसलेली, सगळ्यांनी ऐकलं. पोराला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

शुक्रवारी अमृतनं तेजलला केबिनमध्ये बोलावलं. केबिनचं दार पावसानं फुगलंय, पुरतं लागत नाही, तेव्हा मी ऐकलं यात माझा काही दोष नाही. अमृतचा आवाज थकलेला होता. त्यानं सांगितलं की मेघराई गेलं तर निम्म्या पोरांचे पगार जातील. मग तो म्हणाला, "रविवारी तू आली नाहीस, तर मला तुझ्या जागेचा विचार करावा लागेल."

मग तेजल बोलली.

"करा विचार. मी सोमवारी नऊ वाजता कामावर येणार. काढायचं असेल तर सगळ्यांसमोर कारण सांगून काढा. सावड मागितली म्हणून काढलं, असं सांगा."

बाहेर आली तेव्हा ती घाबरलेली होती. मी पाहिलं ना, पाण्याचा ग्लास भरताना निम्मं पाणी खाली सांडलं. घर तिच्या पगारावर चालतं, आई प्लास्टरमध्ये, भावाच्या घरी बाळ यायचंय. कुणीही घाबरेल. पण तिनं ते पाणी पुसलं, जागेवर जाऊन बसली, आणि महोत्सवाचं स्वतःच्या वाटणीचं सगळं काम संध्याकाळच्या आत पुरं केलं. कुठला पाहुणा काय खात नाही, कुणाला कुठल्या खोलीतून तलाव दिसायला हवा, मालक कशावर भडकतो आणि तेव्हा काय बोलायचं, सगळं लिहून अमृतच्या टेबलावर ठेवलं. कुणाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही पठ्ठीनं.

ती निघायला लागली तेव्हा ओंकार उठून उभा राहिला. अमृत दारातच होता. ओंकार म्हणाला, "सर, रविवारी मी तेजलताईकडं जाणार आहे. माझी सावड द्यायची राहिलीय." प्रेरणा बसल्या जागेवरून म्हणाली, मी पण. मग मीही म्हटलं, माझ्याकडे शेत नाही, मला कुणी सावड दिलेली नाही, पण कांदा मला चिरता येतो.

अमृत छत्री घेऊन निघून गेला. छत्री माझी होती.

रविवारी सकाळी आम्ही लोहगडवाडीला पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि तेजलनं चूल पेटवलेली होती. समोरच्या टपरीवाल्यानं बघून घेतलं आणि आपल्या कामाला लागला. म्हणजे जागा राहिली. पण नुसती चूल पेटवून काय होतं, दिवस काढायचा होता. ओंकारनं ताडपत्री ओढून बांधली, हंडे भरले. प्रेरणा भाकरी थापायला बसली, तिच्या भाकरीचे काठ फुटत होते आणि चंपाबाई प्लास्टरचा हात छातीशी धरून तिला झापत होत्या. मीठ कमी, पीठ सैल, तेल तापलं न्हाई अजून, घालू नको. ऑफिसात कुणी कुणावर ओरडायचं नाही हा नियम तिथं लागू नव्हता. माझ्या कांद्यालाही नावं ठेवली बाईंनी. म्हणाल्या, "ताई, एवडा जाड कांदा आमी बैलाला बी घालत न्हाई." मी म्हटलं, अरे वा, मलाही झापणारं कुणीतरी भेटलं.

अकरानंतर माणसांचा लोंढा जो सुरू झाला तो थांबेना. तेजल एकाच वेळी भजी सोडत होती, पैसे घेत होती आणि कुणाचे किती राहिले ते सांगत होती. तिला तसं काम करताना मी ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. इथं ती गुणगुणत होती.

दुपार कलल्यावर अमृत आला. गाड्यांच्या रांगेमुळं गाडी पार खाली सोडून चालत आलेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. महोत्सवाचे कपडे अंगावर तसेच. नंतर त्यानंच सांगितलं की सकाळी मेघराईच्या मालकानं विचारलं, तेजल मॅडम कुठायत. तर याच्या तोंडून निघून गेलं, तिच्या घरची लावणी आहे. मालक म्हणाला, मग बरोबर आहे, लावणी कुणाला चुकत नाही. आणि विषय संपला. एवढं सोपं होतं, म्हणाला. सोमवारीच मला हे म्हणता आलं असतं. पाहुण्यांची जेवणं उरकली तसा त्याला तिथं उभं राहवेना, निघाला.

तेजलनं त्याच्याकडे पाहिलं. या म्हणाली नाही, कशाला आलात असंही म्हणाली नाही. "ताटं साचलीत, सर," एवढंच बोलली. अमृतनं बाह्या वर केल्या, पिंपाशी उकिडवा बसला आणि ताटं घासायला लागला. एक तास घासत होता. राखेनं. पुण्याची भाषणं ऐकणारे तिथं असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. मला त्याचा राग आलेला होता तो त्या तासात पुष्कळसा उतरला, सगळा नाही.

गर्दी ओसरल्यावर चंपाबाईंनी सगळ्यांना बाकडी ओढून बसायला लावलं. अमृत म्हणाला, मी निघतो, उशीर झालाय. तर तेजल म्हणाली, "सर, जेवल्याशिवाय सावड पुरी होत नाही." हे त्यालाही माहीत होतं. शेतकऱ्याचा पोरगा. बसला. पिठलं, प्रेरणाच्या फुटक्या काठांच्या भाकरी आणि माझा जाड कांदा. चंपाबाई डाव्या हातानं वाढत होत्या, कुणालाही वाढू देईनात.

वाढता वाढता त्यांनी अमृतला गाव विचारलं. त्यानं सांगितलं.

"व्हय? तुमच्या गावाला मी लय लावणी केलीया," त्या म्हणाल्या. "तेजल पोटात व्हती तवा बी केलीया. नदीच्या वरच्या अंगाला, मोठाली खाचरं हाईत तिथं."

अमृतचा घास हातात राहिला. "तिथं आमचीच खाचरं आहेत, मावशी," तो म्हणाला.

"आसतील. मजुरीनं यायचो आमी. सावडीला कुणी बोलावलं न्हाई कदी." त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या, पिठलं वाढता वाढता. कुणावर ठपका नाही, काही नाही. तेजल तव्याकडं बघत उभी होती.

अमृतनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "मावशी, येत्या गुरुवारी आमची लावणी आहे. तुम्ही सावडीनं या. हाताचं राहू दे, तुम्ही नुसत्या बांधावर उभ्या राहा, सगळ्यांना झापा. पण मजुरीनं नाही. सावडीनं."

चंपाबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. पळी भांड्यात ठेवली. ओला हात पदराला पुसला आणि त्याच्याकडे सरळ बघत विचारलं,

"येऊ की. पर जेवायला कुटं बसवणार?"

या प्रश्नाचं उत्तर चटकन देण्यासारखं नव्हतं आणि अमृतनं ते चटकन दिलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं धरते. त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं घर येत होतं, ओटा, पडवी, आत त्याची आई, सगळं. त्याला आईशी बोलावं लागणार होतं आणि ते सोपं जाणार नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आत," तो म्हणाला. "चुलीपाशी. आईच्या शेजारी पाट मांडीन, मी स्वतः."

चंपाबाईंनी पळी पुन्हा हातात घेतली. "मंग येऊ," म्हणाल्या.

तेजलनं तव्यावरची भाकरी उतरवून त्याच्या ताटात टाकली. तिचा आवाज आता नेहमीसारखा, वर होता.

"मीही येणार आहे गुरुवारी, सर. माझे फोन तुम्ही घ्यायचे."